परबकाकांचं लांबलेलं गाऱ्हाणं

मस्कतच्या वादी अदाईतल्या आमच्या घरी गणपती दीड दिवसाचा असायचा, आणि मोदक वाफवायला कधी ठेवायचे हे परबकाकांच्या गाऱ्हाण्यावर ठरायचं. आरती झाली तरी ठेवायचे नाहीत. मंत्रपुष्पांजली झाली तरी नाहीत. काका पुढे सरकले, घसा खाकरला आणि "बा देवा म्हाराजा!" असा आवाज आला की गॅस पेटवायचा. मोदक वाफवून निघायचे, त्यांच्यावर तूप पडायचं, पानं वाढून व्हायची, आणि काका अजून दुसऱ्याच मजल्यावर असायचे.

दुसऱ्या मजल्यावर म्हणजे आमच्या बिल्डिंगच्या. काका मजल्यामजल्याने वर चढायचे. कोकणातल्या गाऱ्हाण्याची पद्धत अशी, की एकाने सगळ्यांच्या वतीने देवाला सांगायचं, या लेकरांना सांभाळ, कुणाची वाईट नजर असेल तर दूर कर, आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. माझं माहेर नाशिकचं, आमच्याकडे हा प्रकार नाही. पण कोकणातल्या मैत्रिणी सांगायच्या की पाच मिनिटांत आटोपतं. 'समस्त मंडळी' म्हटलं की त्यात सगळे आले. परबकाकांना 'समस्त' चालायचं नाही. त्यांना एकेक नाव लागायचं.

"पयल्या माळ्यावरचे थॉमससाहेब, तेंची बायको शायनी, चेडू अ‍ॅनी, तिची बारावीची परीक्षा आसा, तिका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात सगळ्यांत मोठा आवाज मागे उभ्या असलेल्या थॉमससाहेबांचाच.

"वॉचमन नूरुल, तेची घरवाली थंय चितगावाक आसा, पोटुशी आसा, तिका सुखरूप सोडव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बिल्डिंग संपली की काकांचं वर्कशॉप सुरू व्हायचं. काका एका एसी दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये स्टोअर सांभाळायचे. साठी उलटून गेली होती, पण त्यांचा अर्बाब, म्हणजे ओमानी मालक, दरवर्षी कुठूनतरी खटपट करून व्हिसा वाढवून आणायचा. तर तिथले मेकॅनिक, हेल्पर, ड्रायव्हर, सगळे नावानिशी. अर्बाब, अर्बाबाची आई, तिचे गुडघे. पाहुण्यांत चुळबुळ व्हायची. पोरं भुकेने रडकुंडीला यायची. माझा नवरा मंदार माझ्याकडे बघून डोळे मोठे करायचा, मी त्याच्याकडे बघून करायची. काकांचे डोळे मात्र मिटलेले, आणि कपाळाला आठी. भक्तिभाव वगैरे काही दिसायचा नाही हो त्या चेहऱ्यावर. कठीण परीक्षेला बसलेल्या माणसासारखे दिसायचे.

आम्ही मस्कतला आलो त्याच आठवड्यात ते मला जिन्यात भेटले होते. उंच, काटक, पांढरा शर्ट, करडी पँट, दोन्हींना कडक इस्त्री. मी एका हातात ईशा आणि दुसऱ्या हातात सामान घेऊन धापा टाकत होते. त्यांनी पिशव्या हातातून घेतल्या आणि पहिला प्रश्न, "नाव काय गो तुझा?"

"वैशाली."

"पुरा सांग. घोवाचा? चेडवाचा? सासू-सासरे आसत? तेंची नावां?"

सगळी वंशावळ सांगून मी घरात आले आणि मंदारला म्हटलं, "खाली एक आजोबा आहेत, एकतर विमा विकतात नाहीतर पोलिसात होते." तो गणपती आला तेव्हा माझ्या सासूबाईंचं माहेरचं नावसुद्धा काकांनी देवापुढे घेतलं. कुठेही लिहून ठेवलेलं नव्हतं. मी गारच झाले.

पण खरा धक्का बसला तो ताटावर. काकांनी मोदक उचलला, अलगद उघडला, आतलं सगळं सारण ताटाच्या कडेला काढून ठेवलं आणि नुसती पारी तुपाशी खाल्ली. मला वाटलं साखरेचा आजार असेल. पुढच्या वेळी मुद्दाम तिखट केलं, ओल्या नारळाचं वाटण लावून सुरमईचं कालवण. काकांनी नुसती तळलेली तुकडी घेतली.

"काका, मालवणी माणूस आणि खोबरं खात नाही? गावात सांगू नका, वाळीत टाकतील."

"पोटाक चलना नाय गो."

खोटं बोलत होते. त्यांच्या पोटाला दगड चालले असते. मी मात्र तेव्हापासून काकांसाठी वेगळं, बिनखोबऱ्याचं काढून ठेवायला लागले आणि तोंडाने कुरकुरत राहिले. तो माझा स्वभाव आहे, त्याला इलाज नाही.

आणि तिसरी गोष्ट, सगळ्यांत विचित्र. मालवणकडचा माणूस जगाच्या पाठीवर कुठेही असो, गणपतीला गावी पळतो. नोकरी सोडून पळणारे मी पाहिलेत. काका मात्र शिमग्याला जायचे, गणपतीला कधीच नाही. विचारलं की म्हणायचे, "सगळेच गेले तर हय स्टोअर कोण सांभाळतलो?" बायको आणि मुलगा तिकडे गावी घरच्या गणपतीपुढे, आणि हे इथे आमच्या दारात. मंदार म्हणायचा, भांडण असेल घरात. मी म्हणायची, असेल.

एका वर्षी मंदारचा संयम संपला. त्याचे ऑफिसचे साहेब जेवायला आले होते, दोन वाजत आले होते, काका वर्कशॉपच्या हेल्परांत शिरले होते. मंदार हसत हसत पुढे झाला, काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "खलास, काका! बाकीच्यांना देव ओळखतो." सगळे हसले. मीही हसले, मोदक गार होत होते. काका एकदम थांबले. रंग उडाला त्यांचा. जेवायलाही थांबले नाहीत.

दुपारी साडेतीनला, सप्टेंबरच्या त्या भाजणाऱ्या उन्हात, दार वाजलं. काका. "गणपती आसा मां अजून?" मी म्हटलं, आहे ना, उद्या विसर्जन. ते आत आले, चप्पल काढली, मूर्तीपुढे उभे राहिले आणि जिथे तोडलं होतं तिथून पुढे सुरू केलं. एकटेच. घरात मी एकटी जागी, हात ओले, साडी खोचलेली. प्रत्येक नावाला मी "व्हय म्हाराजा" म्हणत राहिले, दुसरं कोण म्हणणार? सगळी नावं झाल्यावर ते जमिनीवर बसले आणि पाणी मागितलं. मला राग आला होता, आणि त्या रागाची थोडी लाजही वाटत होती. पण विचारलं नाही काही.

इथल्या मराठी मंडळातल्या एका गृहस्थांनी मात्र एकदा विचारलंच. काकांच्या वर्कशॉपात रफीकभाई नावाचे इलेक्ट्रिशियन होते, पाकिस्तानी पंजाबातले. दोघं दुपारचा डबा एकत्र खायचे. त्यांचं, त्यांच्या बायकोचं, मुलांचं नाव काका दरवर्षी घ्यायचे. ते गृहस्थ जेवताना म्हणाले, "परब, तुम्ही एअर फोर्समधले ना? एकाहत्तरच्या लढाईत होतात म्हणे. आणि गणपतीपुढे पाकिस्तान्याचं नाव?"

"देवाक पासपोर्ट दाखवूचो लागता काय?" काका म्हणाले. पंगत हसली आणि विषय बुडाला.

काका लढाईत होते हे मला त्या दिवशी कळलं. बाकीचं कळलं ते दोन हजार तेराच्या उन्हाळ्यात. शुक्रवार होता, मंदार ईशाला घेऊन अझैबाच्या समुद्रावर गेला होता, मी ओट्याशी मासे साफ करत होते. काका आले आणि स्टुलावर बसले. एरवी माझ्या हातातला मासा बघून "गो, खवलां अशी काढतत?" म्हटल्याशिवाय राहायचे नाहीत. त्या दिवशी माशाकडे बघितलंसुद्धा नाही. मग म्हणाले, "गावसून फोन इलो. शिवरामाची आवस अंथरुणाक खिळली."

"कोणाची आई? कोण शिवराम?"

इतक्या वर्षांत, इतक्या नावांत, हे नाव मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

शिवराम गावडे त्यांच्या शेजारच्या वाडीतला. दोघं एकाच भरतीत एअर फोर्समध्ये लागले, एकाच तळावर नेमले गेले. लढाई लागली तेव्हा बॉम्ब टाकणारी विमानं पुरेनात, म्हणून तिथल्या एका चार इंजिनांच्या मालवाहू विमानालाच बॉम्बर केलं होतं. पोटात लाकडी घसरगुंडी बसवली, तिच्यावर बॉम्ब रचले. वर गेल्यावर मागचं मोठं दार उघडायचं आणि माणसांनी ते ढकलायचे.

"हातांनी?" मी विचारलं.

"हातांनीच. ट्रकातसून भाताची पोती ढकलतत तशी." शिवराम त्या ढकलणाऱ्यांत होता, अगदी दाराशी. काका जमिनीवर, दुरुस्तीच्या टोळीत. पहिल्या दिवशी विमान सुटायच्या आधी काकांनी चाकापाशी नारळ ठेवला आणि हळूच गाऱ्हाणं घातलं. कॅप्टन सरदारजी होता, त्याने पाहिलं, विचारलं, आणि म्हणाला, चोरून कशाला, आम्ही पण उभे राहतो. तेव्हापासून रोज संध्याकाळी सगळे पंखाखाली उभे. सरदारजी, बंगाली नेव्हिगेटर, केरळचा रेडिओवाला, सगळे "व्हय म्हाराजा" म्हणायला शिकले. नारळ मात्र तिथे फोडायचा नाही. करवंटीचा तुकडा काँक्रीटवर पडला आणि इंजिनाने ओढून घेतला तर? म्हणून तो अख्खाच शेडमध्ये ठेवायचा. सकाळी विमान परत आलं की फोडायचा आणि प्रत्येकाला खोबऱ्याचा वाटा.

"आणि मगे एक दिवस शिवरामान माझी नक्कल केल्यान."

जेवणाच्या वेळी, सगळ्यांसमोर. बा देवा म्हाराजा, परबाच्या ताटात बटाटो जास्ती पडांदे रे म्हाराजा! सगळे खो खो हसले. काका वीस-बावीस वर्षांचे, अंगात रग, डोक्यात राख. संध्याकाळी पंखाखाली उभे राहिले आणि एकेकाचं नाव घेतलं. शिवरामाचं गाळलं. मुद्दाम.

विमानात चढताना शिवराम मागे वळला, हसतच. "मेल्या, माझा नाव रवला!"

"परत इल्यार घेतंय," काका म्हणाले.

मी सुरी खाली ठेवली.

खालून तोफांचा मारा झाला. विमानाचं एक इंजिन पेटलं, शेपटाकडचा भाग फाटला, उघड्या दारातून तुकडे आत आले. तरी सरदारजीने ते आणलं. पहाटे उतरलं तेव्हा पोटाची चाळण झालेली. काका मला सगळ्यांचं सांगत गेले, ठरलेल्या क्रमाने. सरदारजीचा हात निकामी झाला, तो पुन्हा उडला नाही, पुढे शेती केली. नेव्हिगेटरचा एक डोळा गेला, कलकत्त्यात मास्तर झाला. दुसऱ्या वैमानिकाला ओरखडा नाही. रेडिओवाला केरळात आहे, नातवंडं आहेत. दुसरा ढकलणारा, बिहारचा, कायमचा बहिरा झाला. "ज्यांची नावां घेतली ते सगळे जिते इले," काका म्हणाले. "शिवरामाक मीच उतरवून घेतलो. थंड होतो. त्या दिवशी नारळ कोणी फोडूक नाय."

मी हात धुतले, त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, "काका, नाव न घेतल्याने माणूस मरत नाही."

"ता माका बी ठावक आसा. मी काय खुळो नाय. तोफेक नावां ठावक नसतत." ते माझ्यावर खेकसलेच. मग आवाज उतरला. "पण पुढचा आयक."

लढाईनंतर ते रजेवर गावी गेले. शिवरामाच्या आईने त्यांचे दोन्ही हात धरले आणि विचारलं, दत्तू, तू होतंस मां थंय? माझ्या झिलाच्या नावान गाराणां घातलंस मां?

"मी 'व्हय' म्हटलंय."

म्हातारीने ते गावभर सांगितलं. दत्तूने गाऱ्हाणं घातलं होतं, देवानेच ऐकलं नाही. आणि त्या दिवसापासून ती देवाशी बोलायची बंद झाली. घरात पुतण्या गणपती आणायचा, ती ओसरीवर पाठ करून बसायची. आरतीला हात जोडायची नाही. गाऱ्हाण्याला तोंड उघडायची नाही. जो देव माझ्या पोराचं नाव ऐकून न ऐकल्यासारखं करतो त्याला 'व्हय' कशाला म्हणू? चाळीस वर्षं. काकांनी एक-दोन गणपती ती पाठ बघितली आणि मग गणपतीला गावी जाणंच सोडलं.

"देवाची चूक नाय गो. माझी आसा. आणि ती म्हातारी देवावर रागावन मराक टेकली." काका रडत नव्हते. रडले असते तर मला सोपं गेलं असतं. "शिमग्याक जातंय, तिच्या दारापर्यंत जातंय, साखर देतंय आणि परत येतंय. आता पुतण्यो म्हणता, हो तिचो शेवटचो गणपती."

"मग सांगा तिला."

"शाप देतली."

"देईल. द्यायलाच हवा." माझ्या तोंडून गेलं आणि मी जीभ चावली. काका मात्र पहिल्यांदाच जरा सैल झाले. मीही 'तुमची काय चूक' म्हणेन, याचीच भीती त्यांना वाटत असावी. ते उठताना मी विचारलं, "आणि खाली? ज्यांच्यावर बॉम्ब पडले ते?"

"तेंची नावां माका कोण सांगतलो? म्हणान रफीकचा घेतंय."

त्या वर्षी काका गणपतीला गावी गेले. आमच्या घरी गाऱ्हाणं मी घातलं, नाशिकच्या बाईने. अर्ध्या नावांत अडखळले, थॉमससाहेबांनी मागून आठवण करून दिली. मोदक गार झाले आणि कोणी कुरकुरलं नाही. मला एकसारखं ती ओसरी दिसत होती.

तीन आठवड्यांनी काका आले ते व्हिसा रद्द करायलाच. विमानाच्या दिवशी टॅक्सी खाली उभी करून वर आले, हातात मालवणी खाज्याचा पुडा. बसायला तयार नव्हते. दारातच उभे.

"सांगितलंत?"

"सांगलंय."

ती ओसरीवर खाटेवर होती, तोंड बाहेर, पाठ आत. आत आरती चाललेली. काका तिच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. नक्कल, गाळलेलं नाव, परत इल्यार घेतंय, आणि तो 'व्हय'. म्हातारी तशीच बाहेर बघत राहिली. काकांना वाटलं, ऐकूच गेलं नाही.

"मग?"

"मगे म्हणाली, 'आता घे.'"

काकांनी आणि पुतण्याने खाट उचलून आत नेली, गणपतीकडे तोंड करून ठेवली. काका उभे राहिले. गाऱ्हाण्यात एकच नाव घेतलं. शिवराम लक्ष्मण गावडे. पुढे काय मागायचं तेच सुचेना. मेलेल्या माणसासाठी काय मागतात? घरातले सगळे बघत राहिले, कोणाला कळेना होकार भरायचा की नाही.

"मग कोण म्हणालं, व्हय म्हाराजा?"

"तीच. एकटीच." काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "नारळ फोडूक सांगल्यान. एक वाटो माझ्या हातात दिल्यान. म्हणाली, 'हो शिवरामाचो. घे, आणि परत माझ्या दारात येव नको.'"

मी म्हटलं, "काका, ती म्हातारी आहे, आजारी आहे, रागाच्या भरात..."

"रागान नाय गो. शांतपणान म्हणाली." ते जिन्याकडे वळले. "देवाक माफ केल्यान तिना. माका नाय. ता बरोबर आसा."

मग जिना उतरता उतरता थांबले, वर बघितलं आणि आमची तिघांची नावं घेतली, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. मी वरून "व्हय म्हाराजा" म्हटलं.

गॅलरीत आले तर खाली टॅक्सीचं दार उघडं होतं, बॅग आत गेली होती, आणि काका बाहेरच उभे. त्यांनी शर्टाच्या खिशातून रुमाल काढला, उलगडला. आत खोबऱ्याचा तुकडा होता, सुकून पिवळा पडलेला. तो त्यांनी तोंडात टाकला. कडक झाला असणार, खूप वेळ चावत राहिले. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला, यल्ला, चला लवकर, म्हणाला, तरी हलले नाहीत. सगळा खाऊन झाल्यावर रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि मगच गाडीत बसले.